अर्थशास्त्र, सरकारी विद्यापीठ आणि आपण : अनुभव लिहा

आडवा_अक्ष
भाचीने यंदा अर्थशास्त्राला प्रवेश घेतलाय. काल फोनवर म्हणाली, "मावशी, मागणी किंमतीवर अवलंबून असते ना? मग आकृतीत मागणी आडव्या आणि किंमत उभ्या अक्षावर का?" आमच्या वर्गात हाच प्रश्न कुणीतरी मागून ओरडून विचारला होता. ओरडूनच, कारण वर्ग एवढा मोठा की हात वर केलेला दिसायचाच नाही. सर खूश झाले. म्हणाले, मार्शल हा जुना अर्थतज्ज्ञ उलटा विचार करायचा: आधी नग किती ते धरा, मग त्यांना किंमत किती मिळेल ते बघा. त्याचं पुस्तक १८९० चं. आपण विचार करतो वालरास या दुसऱ्या अर्थतज्ज्ञासारखा, म्हणजे आधी किंमत, मग नग, आणि आकृती काढतो मार्शलची. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, हा विषय माणसांनी घडवलाय, आभाळातून पडलेला नाही.
तुम्हीही लिहा. स्टॅटिस्टिक्सची रडगाणी चालतील.

शेवटचा_बाक
आयएस-एलएम, म्हणजे व्याजदर आणि देशाचं उत्पन्न एकत्र दाखवणारी दोन रेषांची आकृती. दर पेपरात. अर्थतज्ज्ञ हिक्सने १९३७ मध्ये मांडलं आणि म्हातारपणी स्वतःच म्हणाला की हे वर्गात वापरायचं खेळणं आहे. पेपर काढणाऱ्यांना कुणीतरी कळवा रे.

पेन्सिल
लायब्ररीत मायक्रोच्या पुस्तकाची एकच प्रत, तीही घरी न्यायची नाही. काउंटरवर ओळखपत्र ठेवून तासाभरासाठी मिळायची. समवृत्ती वक्रांच्या (सारखंच समाधान देणाऱ्या वस्तूंच्या जोड्या दाखवणाऱ्या रेषांच्या) पानांवर कित्येक बॅचेसची पेन्सिल. बजेट रेषा, म्हणजे खिशातल्या पैशांची मर्यादा, वक्राला टेकते तिथे कुणीतरी बारीक अक्षरात लिहिलेलं, "इथेच थांब, पुढे परवडत नाही." मला तो धडा त्या एका ओळीत कळला.

निशिगंध७
@पेन्सिल 😂 कुठल्या सालची बॅच?

माझं वेगळंच. गणित कच्चं. जास्तीत जास्त समाधान कुठे ते काढायच्या गणितातला लॅग्रांजचा लॅम्डा वर्षभर नुसता काढला, तो आहे काय ते कुणी सांगितलं नाही. शेवटी ट्यूटोरियलला एक सीनियर ताई म्हणाली, "अगं, खर्चायला थोडे जास्त पैसे मिळाले तर समाधान किती वाढेल, तेच ते." संपलं! गणिताला घाबरणाऱ्यांनी एलिनॉर ऑस्ट्रॉम वाचा. गणित कमी पडलं म्हणून यूसीएलएने, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सरकारी विद्यापीठानेच, तिला अर्थशास्त्राच्या पीएचडीला घेतलं नाही. तिने तिथेच राज्यशास्त्रात केली आणि २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल घेतलं, या विषयातली पहिली बाई. मीटिंग लागली, बाकी नंतर.

कोरडा_पाऊस
डिग्री घेऊन इतकी वर्षं झाली, नातेवाइकांचा प्रश्न तोच: "कुठला शेअर घेऊ?"

शेवटचा_बाक
@कोरडा_पाऊस सांग ना मग. कुठला घेऊ?

अवशेष_पद
इकॉनॉमेट्रिक्सची, म्हणजे आकडेवारीवर अर्थशास्त्र तपासायची, लॅब आठवली. कॉम्प्युटर कमी, मुलं जास्त, एका खुर्चीवर दोघं. आमच्यातल्या एकाचा आर-स्क्वेअर (मॉडेल आकड्यांना किती जुळतं ते, जास्तीत जास्त १) ०.९८ आला, तो कॅन्टीनभर सांगत सुटला. मॅडमनी शांतपणे विचारलं, डर्बिन-वॉटसन किती? ०.३. हा आकडा मॉडेलच्या चुका एकीमागून एक जोडलेल्या आहेत का ते सांगतो, दोनच्या आसपास हवा. दोन्ही मालिका आपापल्या काळाबरोबर वाढत होत्या, एकमेकींशी काही घेणं ना देणं. ग्रेंजर आणि न्यूबोल्ड या अभ्यासकांनी १९७४ मध्येच बजावलंय: आर-स्क्वेअर डर्बिन-वॉटसनपेक्षा मोठा दिसला की संशय घ्या. मॅडमनी त्याला नापास नाही केलं, सगळ्या वर्गाला तोच डेटा पुन्हा चालवायला लावला. प्रत्येक आकड्यातून आधीचा वजा करून, म्हणजे फरक काढून. असं शिकवणारं माणूस मिळालं की पंखे बंद असले तरी चालतं.

निशिगंध७
आले. तो मुलगा आता काय करतो?

अवशेष_पद
@निशिगंध७ बँकेत जोखीम बघतो. खरंच.

पेन्सिल
अॅकरलॉफचा जुन्या गाड्यांवरचा पेपर तीन जर्नल्सनी परत पाठवला होता, १९७० मध्ये चौथ्याने छापला, २००१ मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेल. माझा प्रबंध गाईडकडून परत आला की मी हे मोठ्याने वाचायचे. गाईडवर परिणाम शून्य.

आडवा_अक्ष
भाची सगळं वाचतेय बरं का. विचारतेय, इकॉनॉमेट्रिक्ससाठी सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं का?

अवशेष_पद
@आडवा_अक्ष नको. आर नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. आधी आर टाकायचं, मग ते सोयीने वापरायला आरस्टुडिओ. उलट केलं तर मला फोन येणार.