मदत हवी आहे: एकटीने तीन दिवस, ५ हजारांत मालवण की हंपी?

नमस्कार मंडळी, डिसेंबरमध्ये तीन दिवस सुट्टी मिळतेय. पुण्याहून एकटीच निघणार आहे. फिरायला म्हणून एकटी पहिल्यांदाच! सगळं धरून खर्च ५ हजारांच्या आत बसवायचाय.

मन मालवणकडे ओढतंय. २०२३पासून राज्यात एसटीला बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवासातच बरेच पैसे वाचतात. होडीने सिंधुदुर्गावर जायचं, महाराजांच्या हातापायाचे ठसे डोळे भरून बघायचे, आल्यावर बांगड्याचं तिखलं आणि भात. हंपीचंही वेड आहेच, तो दगडी रथ ५० रुपयांच्या नोटेवर रोज दिसतो. पण तिकडे आपली सवलत चालत नाही आणि जाण्यायेण्यातच बराच वेळ जाईल.

खरी काळजी राहण्याची. गेल्या वर्षी परीक्षेला परगावी गेले होते. रात्री साडेनऊला लॉजवाल्याने माझं आधार कार्ड उलटसुलट बघितलं आणि "सोबत कोणी नाही? मग खोली नाही" म्हणून परत केलं. तो प्रसंग अजून मनातून जात नाही.

मालवणात एकट्या मुलीला हजारापर्यंत घरगुती खोली मिळेल का? बाजारपेठेजवळ राहू की तारकर्लीला? अंधार पडल्यावर तिकडून रिक्षा मिळते का? एकट्या जाऊन आलेल्या ताईंनी जरूर सांगा.