मदत हवी आहे : कानाची शस्त्रक्रिया आणि कडेवरचे मूल

मला दोन्ही कानांत ओटोस्क्लेरोसिस आहे, म्हणजे मधल्या कानातले रिकीब हे इवलेसे हाड घट्ट बसले आहे. बाळंतपणानंतर ऐकू येणे आणखी कमी झाले. उजव्या कानाची ऐकण्याची पातळी आता ५५ डेसिबल आहे, म्हणजे त्याहून हळू आवाज त्या कानाला ऐकू येत नाहीत. श्रवणयंत्र वापरते, परंतु रात्री ते काढल्यावर दीड वर्षांची मुलगी शेजारी रडली तरी कळत नाही, म्हणून तिच्या पायावर हात ठेवून झोपते. डॉक्टरांनी उजव्या कानाची स्टेपेडोटॉमी, म्हणजे रिकीब हाडाला बारीक छिद्र पाडून तिथे कृत्रिम दांडी बसवण्याची शस्त्रक्रिया, सुचवली आहे. त्यात तो कान कायमचा जाण्याचा अल्पसा धोका असतो, हे मला ठाऊक आहे. त्याबद्दल धीर नको. पती रात्रपाळीला असतात, घरात तिसरे कोणी नाही. लहान मूल असताना ज्यांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली, त्यांना चक्कर किती दिवस राहिली आणि मुलाला उचलण्याची परवानगी कितव्या आठवड्यात मिळाली?