हवं ते डॉट कॉम दुसऱ्याकडे आहे, थांबू का?

प्रश्न: आईच्या गोड्या मसाल्याची चारशे लेबलं वेबसाइटच्या पत्त्यासकट छापून बसलोय, आणि ते डॉट कॉम कुणीतरी २०११ पासून अडवून ठेवलंय. उघडलं की नुसतं 'विक्रीस आहे'. मेल केला तर म्हणे दीड लाख! त्याच्या नोंदणीची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय.

उत्तर १: संपली की लगेच मिळत नाही हो. नूतनीकरणाला ४५ दिवसांपर्यंत सवलत, मग दंड भरून सोडवायला ३० दिवस, शेवटचे ५ दिवस खोडण्याचे. त्यातही टपून बसलेले असतात.

उत्तर २: यूडीआरपीखाली, म्हणजे वेबसाइटच्या नावांचे वाद सोडवायच्या नियमांखाली, तक्रार? ट्रेडमार्क लागतो, शिवाय त्याचा वाईट हेतू दाखवावा लागतो. तुमचा मसाला तर कालचा! डॉट इन बघितलंत?

प्रश्नकर्ता: मोकळं होतं, घेतलं. आई 'कॉम'वर 'इन'चे स्टिकर चिकटवतेय. निम्मे तिरके.