उत्तरेच्या समुद्रात देवमासे पाहायला गेला होतात? हवेने कशी साथ दिली? लिहा

धागाकर्ती, कोथरूड

जूनमध्ये आम्ही दोघं आइसलँडला जाऊन आलो. ज्या एका गोष्टीसाठी गेलो होतो, ती हातची जाता जाता राहिली, म्हणून हा धागा काढतेय. पुण्यातून आता बरेच जण तिकडे जातात. तुमचे अनुभव एका जागी आले तर पुढच्यांना उपयोग होईल.

हुसाविक हे आइसलँडच्या उत्तर किनाऱ्यावरचं छोटं गाव, आर्क्टिक वृत्ताच्या जेमतेम ५०-६० किलोमीटर दक्षिणेला. समोर स्क्याल्फान्दी उपसागर. तो उत्तरेला उघडा आहे, त्यामुळे उत्तरेचा वारा सुटला की लाटा थेट आत येतात. आम्ही तीन महिने आधी बोटीची तिकिटं काढली होती. पहिल्या दिवशी फेरी रद्द. दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन, मी खूश, आणि तरी रद्द! धक्क्यावरच्या मुलीने समुद्राकडे बोट दाखवलं. लांबवर पांढऱ्या फेसाच्या रेघा होत्या. ती म्हणाली, ऊन बघू नका, वारा बघा.

तिसऱ्या दिवशी आम्हाला पुढे निघायचं होतं. ह्यांनी पुढच्या हॉटेलचे पैसे सोडले आणि आम्ही थांबलो. त्या दिवशी आभाळ राखाडी, बारीक पाऊस, पण पाणी ताटासारखं सपाट. नंतर कळलं की हीच सगळ्यात चांगली हवा. पाण्यावर उन्हाची चमक नसते आणि लाटा नसल्यामुळे देवमाशाने सोडलेला फवारा लांबूनही दिसतो.

बोटीवर गुडघ्याखालपर्यंत येणारा जाड अंगरखा देतात. मी आत थर्मल, स्वेटर आणि दोन पायमोजे घालूनही कुडकुडत होते. गाईड दिशा घड्याळावर सांगतो: बोटीचं नाक म्हणजे बारा, उजवा हात तीन. ‘दोन वाजता’ अशी हाक आली की सगळे तिकडे वळतात.

माझा हंपबॅक जातीचा देवमासा मात्र कोणी हाक मारायच्या आधीच आला. इंजिन बंद होतं. कुकरची शिट्टी चमच्याने उचलल्यावर वाफ सुटते ना, तसा आवाज अगदी जवळून आला, फक्त कितीतरी मोठा आणि सावकाश. पाठोपाठ गणेश पेठेतल्या मासळी बाजारावरून जाताना येतो तसा वास. मग काळी पाठ वर आली, वाकली, आणि शेपटी पाण्याबाहेर उभी राहिली. शेपटीच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी प्रत्येक हंपबॅकची वेगळी असते, त्यावरूनच अभ्यासक त्यांना ओळखतात. हे काहीच बोलले नाहीत. माझा हात घट्ट धरून उभे होते.

तुम्ही सांगा.

सिंहगड पहाटे

आधी गोळीचं सांगतो. ताम्हिणी घाटात ज्यांना गाडी लागते त्यांना बोट लागणारच. उलटीची गोळी बोट सुटायच्या किमान अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. कुठली घ्यायची ते इथूनच आपल्या डॉक्टरांना विचारून जा. उपाशी पोटी चढू नका. उभं राहायचं ते बोटीच्या मध्यावर, मोकळ्या हवेत, नजर क्षितिजावर. कॅमेऱ्याच्या पडद्यात डोळे घालून बसलं की हमखास त्रास होतो. माझ्या बायकोने आलेपाकावर निभावलं, पण त्या दिवशी समुद्र शांत होता.

सदाशिव पेठ ते ॲबर्डीन

आई-बाबा मागच्या वर्षी माझ्याकडे आले होते. बाबांना बोट अजिबात सोसत नाही. त्यांना इथे स्कॉटलंडमध्येच शॅनन्री पॉइंटला नेलं. इन्व्हर्नेसहून गाडीने साधारण अर्धा तास. मोरे फर्थ या खाडीच्या पाण्यात घुसलेली वाळू-गोट्यांची जिभेसारखी पट्टी आहे आणि टोकाला दीपगृह. तिकीट नाही, बोट नाही. ओहोटी संपून भरती चढायला लागली की अरुंद खाडीतून सामन मासे आत येतात आणि त्यांच्या मागे बॉटलनोज डॉल्फिन. भरतीची वेळ बघूनच जायचं, सकाळ-संध्याकाळ याला महत्त्व नाही.

दोन तासांत ऊन, गारा, पाऊस, परत ऊन असं झालं. बाबा हर्णैला डॉल्फिन बघून आले आहेत, त्यामुळे आधी फार उत्सुक नव्हते. पण हे डॉल्फिन चांगलेच मोठे, थंडीमुळे अंगात चरबी जास्त. एकाने काठापासून वीसेक पावलांवर मासा हवेत उडवला. बाबा छत्री टाकून पुढे धावले. छत्री वाऱ्याने गेली ती गेलीच. उत्तरेत छत्री नेऊ नका, टोपी असलेलं जलरोधक जाकीट न्या.

कर्वेनगरकर

आम्हाला काही दिसलं नाही, तेही लिहितो. आइसलँडची राजधानी रेक्याविकच्या जुन्या बंदरातून निघालो, तीन तास फिरलो, पाऊस आडवा मारत होता. पफिन पक्षी दिसले, बाकी काही नाही. अशा वेळी बऱ्याच कंपन्या दुसऱ्या फेरीचं तिकीट फुकट देतात, आम्हालाही दिलं. पण परतीचं विमान दुसऱ्या दिवशी पहाटे होतं. मुलगी नऊ वर्षांची आहे, ते तिकीट तिने वहीत चिकटवून ठेवलंय. बोट सहलीच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका हो. पहिल्या-दुसऱ्या दिवशी ठेवा, म्हणजे मागे दिवस उरतात.

थंडीतली औंधकर

नॉर्वे, नोव्हेंबरचा शेवट. हेरिंग मासे हिवाळ्यात फियॉर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधल्या समुद्राच्या अरुंद खाड्यांत, शिरतात आणि ओर्का (काळे-पांढरे ‘किलर व्हेल’), हंपबॅक त्यांच्या मागे येतात. हेरिंगने जागा बदलली की देवमासेही बदलतात. आधी ते ट्रॉम्सोच्या जवळ यायचे, अलीकडे उत्तरेला शेर्वोयकडे. ट्रॉम्सोहून बोटीने तीन-साडेतीन तास, वाटेत उघडा समुद्र, तिथे बोटीवरचे अर्धे लोक बोट लागून आडवे झाले होते. सूर्य उगवतच नाही, दुपारी काही तास निळा-गुलाबी उजेड असतो. मोबाईलची बॅटरी थंडीने पटकन उतरते, फोन आतल्या खिशात ठेवा.

ओर्काचे पाठीवरचे उंच काळे पर रांगेने जाताना पाहिले आणि गळा दाटून आला. पण एक गोष्ट मनाला लागली. एका रबरी बोटीने त्यांची वाट दोनदा कापली. कळप खाली गेला आणि परत वर आला नाही. मी आमच्या गाईडला म्हटलं, आम्हाला लांबूनच दाखव. बुक करण्याआधी विचारा की तुम्ही किती अंतर ठेवता. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी बोट बघा.

आईबरोबर आन्देनेस

आई ६८ वर्षांची. बाबा गेल्यानंतरचा तिचा पहिला मोठा प्रवास. नॉर्वेतच, पण उन्हाळ्यात. आन्देनेसला समुद्रातली खोल दरी किनाऱ्याच्या अगदी जवळ येते, म्हणून तिथे स्पर्म व्हेल जातीचे देवमासे सापडतात. इतक्या उत्तरेला येतात ते सगळे नर, माद्या आणि पिल्लं उबदार समुद्रात राहतात. हे ऐकून आई म्हणाली, ‘नोकरीला मुंबईला गेलेल्या गड्यांसारखं.’

धुकं होतं. कप्तानाने पाण्यात माइक सोडला आणि आम्हाला ऐकवलं. टक्, टक्, टक्, एका लयीत. खाली अंधारात तो त्या आवाजाने भक्ष्य शोधत होता. आईने शाल कानावरून मागे घेतली आणि डोळे मिटून ऐकत राहिली. बरीच मिनिटं गेली. मग टकटक थांबली. कप्तान म्हणाला, आता वर येतोय.

आला तो धुक्यातून, ओंडक्यासारखा. फवारा सरळ वर नाही, पुढे आणि डावीकडे तिरका, कारण याची नाकपुडी डोक्याच्या डाव्या बाजूला असते. आठ-दहा मिनिटं नुसता श्वास घेत पडून होता. आई प्रत्येक श्वास मोजत होती, अगदी हळू, माळ ओढताना मोजते तशी. तेहतिसाव्याला पाठ वाकली, शेपटी वर आली, तिच्यावरून पाणी निथळलं आणि आवाज न करता तो खाली गेला.

‘गेला गं,’ आई म्हणाली. मग कप्तानाला मराठीतच विचारलं, ‘तो माइक परत सोडता का?’ त्याला काय कळलं कोण जाणे, पण त्याने सोडला.