कट-ऑफ स्विच बंद केला तरी इंजिन चालूच, वायरिंग कुठे चुकतंय?

इंदूरी_टॉर्क:
मंडळी, जुनी होंडा सिटी ड्रॅग रेससाठी (सरळ पट्ट्यावरची शर्यत) बनवतोय. वजन मागे जावं म्हणून बॅटरी डिकीत नेली आणि मागे नंबरप्लेटजवळ कट-ऑफ स्विच (अपघातात बाहेरून गाडीचा करंट तोडायचा) लावला. बॅटरीचा प्लस स्विचवर, तिथून एकच जाड केबल पुढे सेल्फला (स्टार्टर मोटर), अल्टरनेटरची (चालू इंजिनवर वीज बनवणारा) वायर पहिल्यासारखीच सेल्फच्या बोल्टवर. इंजिन बंद असताना स्विच सगळं मारतो पण चालू इंजिनवर बंद केला तर गाडी आरामात आयडल करत राहते. छोटी ग्वालटोलीतला वायरमन म्हणतो स्विचच खराब आहे, बदला. खरंच?

क्लचप्लेट:
स्विच ठणठणीत आहे हो. बॅटरी सुटली तरी अल्टरनेटर त्या सेल्फच्या बोल्टवरूनच इग्निशन कॉइल, पेट्रोल पंप, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) सगळ्यांना करंट देतोय. आणि असं परत परत करून बघू नका, बॅटरी सुटली की अल्टरनेटरचं व्होल्टेज एकदम उसळतं, त्यात डायोड नाहीतर ईसीयू जातो. अल्टरनेटरची मोठी वायर सेल्फवरून काढा, वेगळी १६ स्क्वेअर एमएमची केबल डिकीपर्यंत न्या आणि स्विचच्या बॅटरीकडच्या बोल्टला लावा, बॅटरीजवळ फ्यूज टाकून. मग स्विच बंद केला की इंजिन मरणारच.

माळवा_मोटर:
मरेल, पण ती केबल स्विच बंद असतानाही पार बोनेटपर्यंत लाइव्ह राहते ना. गाडी भिंतीला लागली आणि केबल दबली तर फ्यूज उडेपर्यंत ठिणगी पडायची ती पडतेच, शेजारी पेट्रोलची लाइन. रेसचा मार्शल तर स्विच बंद केलाय म्हणून निर्धास्त हात घालतो, त्याच्या जिवाचं काय? मी सहा टर्मिनलवाला स्विच घेईन. दोन जाड बोल्ट बॅटरीचे, छोटी एक जोडी इग्निशन तोडते, दुसरी स्विच बंद होताच अल्टरनेटरला ३ ओहम ११ वॉटच्या रेझिस्टरमधून अर्थ करते, उसळी तिथेच जिरते. तुमची वायर सेल्फवर आहे तशीच राहू द्या.

इंदूरी_टॉर्क:
पटलं, सहा टर्मिनलवालाच घेतो. बाहेरून रॉड लावून ओढायचा ठेवला तर चालेल?

क्लचप्लेट:
माळवा भाऊंचा मुद्दा मलाही मान्य. रॉड मात्र ढकलल्यावर बंद होईल असाच लावा, अमेरिकेत एनएचआरए या ड्रॅग रेसिंग संस्थेचा नियमच तसा आहे, ढकललं की बंद, आणि शेजारी ऑफ लिहिलेलं हवं. घाईत आलेला माणूस ढकलतोच. जोडून झालं की रेडिएटरचा फॅन चालू असताना एकदा टेस्ट घ्या, फिरता फॅन स्वतःच थोडा वेळ करंट उलटा सोडतो, इग्निशनची जोडी नीट तुटत असेल तर त्याने फरक पडत नाही.