'पिक अप' आणि आपलं उचलणं

इंग्रजी शिकताना 'पिक अप म्हणजे उचलणे, एवढं पाठ केलं की झालं' असं काहीजण म्हणतात, ते मला अर्धंच पटलं. पेन उचल, फोन उचल, इथवर ठीक. कोल्हापुरात तालमीतलं पोरगं नुसतं बघून डाव उचलतं, तिथंही अर्थ चपखल बसतो. कानावर पडून आलेल्या भाषेला इंग्रजीत हेच क्रियापद लागतं. पोलिसांनी उचललं, हेही दोन्हीकडं सारखंच! पण मुलाला शाळेतून 'पिक अप' करायचं तर आपण त्याला आणायला जातो. धंदा 'पिक अप' करतो, आपल्याकडं तो जोर धरतो. आणि उसाची पहिली उचल, म्हणजे कारखान्याकडून उसाच्या पैशांचा मिळणारा पहिला हप्ता? तिथं 'पिक अप' अजिबात चालत नाही. माझ्या शिकवणीतली शेतकऱ्यांची पोरं नेमकी इथंच अडतात, म्हणून मी अख्खं वाक्यच लिहून घेते.