मदत हवी आहे: घराच्या आवारातल्या डांबरी रस्त्यासाठी ठेकेदार (जुळे सोलापूर)

नमस्कार मंडळी. फाटकापासून पोर्चपर्यंतचा आमचा साधारण ६० फूट लांब, १२ फूट रुंद डांबरी रस्ता पार उखडलाय. खाली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं डांबर तिच्याबरोबर हलतं. फाटकापाशी तर खडी हाताने निघते. सासूबाईंची व्हीलचेअर नेमकी तिथेच अडकते, म्हणून घाई आहे.

एक ठेकेदार म्हणाला, खड्ड्यांत थंड माल (गरम न करता वापरायचं खडी-डांबराचं मिश्रण) भरून वर डांबर शिंपडू. मला ते अजिबात पटलं नाही. खराब भाग खोदून, मुरूम-खडीचा थर नीट दाबून, टॅक कोट (वरचा थर चिकटावा म्हणून पातळ डांबराचा हात) मारून वर गरम माल टाकावा आणि तो गार व्हायच्या आत रोलर फिरवावा, असं काम हवंय. पाणी गटाराकडे जाईल एवढा उतारही हवाच.

पण इतक्या लहान कामाला गरम माल बनवणाऱ्या प्लँटवरून गाडी आणायला कुणी तयार होत नाही. विजापूर रोड, होटगी रोड भागात कुणी असं काम करून घेतलंय का? दर चौरस फुटावर ठरवला की टनावर? आगाऊ किती दिले? एक पावसाळा काढलेलं काम असेल तर मी स्वतः येऊन बघेन.